आधी हिशेब, मग वसुली



मार्च महिना लागला की बँकेची जीप गावात फिरू लागते. कापूस विकून झालेला असतो, कडब्याची गंजी लागलेली असते, आणि पारावर नोटिसा वाटल्या जातात. नोटिशीत एकच ठळक आकडा असतो: एकूण येणे बाकी. तो आकडा कसा तयार झाला, त्यात मुद्दल किती, व्याज किती, दंड किती आणि 'इतर' किती, हे नोटिशीत नसते. आपण विचारतही नाही. मान खाली घालून ऐकतो. कर्ज घेतले, फेडता आले नाही, मग विचारायचे कोणत्या तोंडाने?

आमचे म्हणणे आहे, ह्याच तोंडाने विचारायचे. देणेकऱ्याला हिशेब मागण्याचा हक्क नाही असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. उलट हिशेब दिल्याशिवाय वसुली करणे हाच बेकायदा धंदा आहे, आणि तो धंदा सावकाराच्या वाड्यातून उठून वातानुकूलित शाखेत गेला एवढ्याने कायदेशीर होत नाही.

पान उलटून पाहा

आधी आमचीच कबुली देतो. आमच्यापैकी काहीजण कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलो. बांधावर उभे राहून नत्र किती, स्फुरद किती, दोन ओळींत अंतर किती हे वर्षानुवर्षे सांगत राहिलो. मावा आणि तुडतुडे पानाच्या मागच्या बाजूला बसतात, म्हणून पान उलटून पाहा, हेही प्रत्येक शिबिरात सांगितले. पण ज्या कर्जातून ते खत आणि ते औषध विकत घेतले जात होते, त्या कर्जाचा खातेउतारा आम्ही एकदाही उलटून पाहिला नाही. रस तिथेही शोषला जात होता.

डोळे उघडले ते एका साध्या माणसामुळे. चार एकर कोरडवाहू, अर्ध्यात पऱ्हाटी आणि अर्ध्यात ज्वारी. जून २०२५ मध्ये त्याने ४०,००० रुपये पीक कर्ज घेतले होते. बैठक संपल्यावर तो पासबुक घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, हे कायचे पैसे कापले? पाहून सांगा न."

आम्ही पाहिले. प्रक्रिया शुल्क ५९० रुपये. तपासणी शुल्क २९५ रुपये, दोन वेळा. तपासणीला त्याच्या शेतात कोणी कधी पाऊल ठेवले नव्हते. विम्याचा हप्ता ४३६ रुपये, तोही दोन वेळा, एकदा बचत खात्यातून आणि एकदा कर्ज खात्यातून. त्याने विम्याच्या कागदावर सही केल्याचे त्याला आठवत नव्हते. संदेश शुल्क दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे, वर्षाचे ७० रुपये ८० पैसे. फोन बंद पडून वर्ष झालेले. सगळे मिळून २,१२२ रुपये ८० पैसे. ४०,००० च्या कर्जावर.

आम्ही त्याच्याबरोबर शाखेत गेलो. मॅनेजर साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "सिस्टीमनेच कापले, भाऊ. आमच्या हातात काही नाही." आम्ही म्हणालो, "मग अर्ज सिस्टीमच्या नावाने घ्या, पण आवक शिक्का तुमचा मारा." शिक्का मारला. सव्विसाव्या दिवशी प्रक्रिया शुल्क, दोन्ही तपासणी शुल्के आणि विम्याचा एक हप्ता असे १,६१६ रुपये खात्यात परत जमा झाले. दुसऱ्या हप्त्याबद्दल बँक म्हणाली, संमतीपत्र आहे. आम्ही म्हणालो, दाखवा. ते अजून दाखवायचे आहे. संदेश शुल्काचे ७० रुपये मात्र परत आले नाहीत. ते का आले नाहीत हे पुढे सांगतो.

हे पैसे दयेने परत आले नाहीत. ते घेणेच चूक आहे हे बँकेला ठाऊक होते, म्हणून परत आले. कोणी विचारले नसते तर ते बँकेच्या नफ्यात जमा झाले असते आणि शेतकऱ्याच्या थकबाकीत.

नियम काय म्हणतो

पहिला नियम. अग्रक्रम क्षेत्रातील लहान कर्जावर कर्जाशी संबंधित कोणतेही सेवाशुल्क किंवा तपासणी शुल्क लावायचे नाही, असे रिझर्व बँकेचे निर्देश आहेत. ही मर्यादा बरीच वर्षे २५,००० रुपये होती. १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० रुपये आहे. शेती हे अग्रक्रम क्षेत्रच आहे. त्याहून मोठ्या पीक कर्जासाठी, म्हणजे ३ लाखांपर्यंत, प्रक्रिया, कागदपत्रे, तपासणी आणि खातेपान शुल्क माफ करावे असा सल्ला बँकांच्या संघाने, इंडियन बँक्स असोसिएशनने, फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या सभासद बँकांना दिला. पहिला निर्देश आहे, दुसरा सल्ला आहे. हा फरक लक्षात ठेवा. निर्देश मोडला तर भांडायचे, सल्ला मोडला तर बँकेने स्वतःच्या संघाचे का ऐकले नाही ते लेखी विचारायचे.

दुसरा नियम व्याजाचा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा वर्षातून एकदा येतो. पगारदाराला दर महिन्याला व्याज लावून मुद्दलात मिसळणे आणि शेतकऱ्याला तसे करणे ह्यात फरक आहे, हे रिझर्व बँकेनेही मानले आहे. २०१६ च्या व्याजदरविषयक निर्देशांत लिहिले आहे की शेतीकर्जावर व्याज लावताना पिकाचा कालावधी, कापणी आणि विक्रीचा हंगाम पाहून ठरवलेली देय तारीख धरायची, आणि कर्ज थकल्यावरच व्याजावर व्याज लावायचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेव्हाच्या कॉर्पोरेशन बँकेच्या खटल्यात सांगितले की शेतीकर्जावर वर्षाच्या आत चक्रवाढ लावता येणार नाही आणि रिझर्व बँकेची परिपत्रके बँकांवर बंधनकारक आहेत. २००१ मध्ये सेंट्रल बँकेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शेतीकर्ज इतर कर्जांपेक्षा वेगळे धरले पाहिजे हे पुन्हा सांगितले आणि दंडव्याज मुद्दलात मिसळता येणार नाही असा निर्वाळा दिला. तरीही बावीस वर्षांनी, १८ ऑगस्ट २०२३ रोजी, रिझर्व बँकेला वेगळे परिपत्रक काढावे लागले: दंड हा दंड म्हणूनच घ्या, व्याजदरात मिसळू नका, आणि त्या दंडावर व्याज लावू नका. न्यायालयाने सांगितलेली गोष्ट पाळा असे बँकांना पुन्हा बजावावे लागते, यावरून शाखांमध्ये काय चालले असेल ते ओळखा.

तिसरा नियम आपल्या आज्या-पणज्यांना तोंडपाठ होता. दामदुपट. व्याज कधीही मुद्दलापेक्षा वाढू द्यायचे नाही. हा जुना हिंदू धर्मशास्त्राचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये इंग्रजी अमदानीतही सावकाराला लावीत. तोच नियम आज रिझर्व बँकेच्या निर्देशांत आहे: अल्प व अत्यल्प भूधारकाच्या, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याच्या, अल्पमुदत कर्जात खात्याला लावलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये.

आता पाटीवर हिशेब मांडू. समजा १,००,००० रुपये कर्ज, दर १२ टक्के, पाच वर्षे थकले. वर्षाने चक्रवाढ धरली तर बाकी १,७६,२३४ रुपये. त्यावर २ टक्के दंड वेगळा आणि सरळ धरला, तर आणखी १०,०००, एकूण १,८६,२३४. आता बँकेने दंडाचे २ टक्के दरात मिसळले, १४ टक्के केले आणि दर तिमाहीला चक्रवाढ लावली तर बाकी १,९८,९७९ रुपये. फरक १२,७४५ रुपये. हेच खाते दहा वर्षे पडून राहिले तर तिमाही चक्रवाढीने आकडा ३,९५,९२६ वर जातो. पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याच्या पीक कर्जावर नियमाने तो २,००,००० च्या पुढे जाऊच शकत नाही, दंड असेल तर तो वेगळा दाखवून. जवळपास दोन लाखांचा फरक. इतक्या रकमेसाठी आपल्या भागात माणसे फासाला लटकली आहेत. त्यांच्यातल्या किती जणांची बाकी खरी होती, हे मेल्यानंतरही कोणी तपासले नाही.

सरकारने स्वतःचा खिसा कसा सांभाळला

कोणी म्हणेल, हे किरकोळ आकार आहेत, बँकेलाही खर्च असतो. ह्याला उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे.

२००८ मध्ये केंद्र सरकारने शेतीकर्जमाफी दिली. पैसे सरकारी तिजोरीतून बँकांना जायचे होते. तेव्हा सरकारने मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले की मुद्दलापेक्षा जास्त झालेले व्याज, न लावलेले व्याज, दंडव्याज, कोर्टखर्च, तपासणी शुल्क आणि इतर किरकोळ आकार ह्यांचे पैसे सरकार देणार नाही. ते बँकांनी स्वतः सोसायचे. म्हणजे स्वतःच्या खिशातून द्यायची वेळ आली तेव्हा ह्या आकारांत काही दम नाही हे दिल्लीला नीट कळत होते. एवढे असूनही काही बँकांनी हेच आकार सरकारकडून वसूल केल्याचे महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात दाखवले.

विचार करा. ज्यांनी दिल्लीच्या सरकारला तपासणी शुल्क लावायला कमी केले नाही, ते चार एकरवाल्याला सोडतील का? सरकारकडे महालेखापरीक्षक आहे. शेतकऱ्याचा महालेखापरीक्षक कोण? तो आपल्यालाच व्हावे लागेल.

नवेजुने: सगळ्यात मोठा सापळा

तपासणी शुल्क हा मावा आहे. दिसतो आणि हटवता येतो. बोंडाच्या आत शिरलेली अळी म्हणजे नवेजुने.

३१ मार्च जवळ आला की शाखेतून निरोप येतो, खाते नवेजुने करून घ्या. हाताशी पैसे नसतात. मग दोन दिवसांसाठी सावकाराकडून किंवा अडत्याकडून रक्कम उचलायची, बँकेत भरायची, बँकेने नवे कर्ज मंजूर करायचे आणि त्यातून सावकाराचे फेडायचे. दोन दिवसांचे व्याज सावकार खातो. काही ठिकाणी रोख भरावी लागतच नाही, नुसता कागद बदलतो. बँकेच्या वहीत वसुली शंभर टक्के आणि वाटपही शंभर टक्के. वर सगळे खूश.

खाली काय झाले? कालचे १,००,००० मुद्दल आणि १२,००० व्याज होते. आज १,१२,००० नवे मुद्दल झाले. पुढच्या वर्षी व्याज १,१२,००० वर. चक्रवाढ लावायला मनाई असेल, तर कागद बदलून तीच चक्रवाढ लावता येते, आणि दामदुपटीचा नियमही लागत नाही, कारण मुद्दलच दरवर्षी फुगते. आणि ह्या सगळ्याखाली सही आपलीच असते.

म्हणून संघटनेचे सांगणे आहे: नवेजुने करायच्या आधी जुन्या खात्याचा पूर्ण उतारा घ्या. मुद्दल, व्याज आणि आकार वेगळे लिहून द्या म्हणा. कोऱ्या कागदावर सही नाही. 'बाकी मान्य' अशा छापील कागदावर वाचल्याशिवाय सही नाही. त्या एका सहीने बँकेची दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. लोकअदालतीची नोटीस आली तर जा, पण उतारा हातात नसताना तडजोडीवर अंगठा उठवू नका. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नाही.

न्यायालय कोणता प्रश्न ऐकते

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर भांडण चुकीच्या बांधावर होईल.

इंग्लंडात २००६-०७ च्या सुमारास खात्यात पैसे कमी पडले म्हणून बँका एका वेळी तीस-पस्तीस पौंड कापत. साध्या खातेदारांनी तिथल्या लहान दाव्यांच्या न्यायालयात स्वतःच दावे लावले. बऱ्याच बँका सुनावणीच्या आधीच पैसे परत करीत, कारण त्यांना निकाल नको होता. शेवटी मोठा खटला उभा राहिला, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे आकार सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, त्यांची रक्कम वाजवी की गैरवाजवी हे त्या नियमांखाली तपासता येणार नाही. बँका जिंकल्या. 'दर जास्त आहे' ह्या एकाच मुद्द्यावर भांडले की काय होते ते ह्यातून दिसते.

आपल्याकडे तीच भिंत आणखी आधी बांधली गेली. १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात कलम २१अ घातले गेले: व्याजाचा दर जास्त आहे एवढ्या कारणावरून कोणत्याही न्यायालयाने बँकेचे खाते पुन्हा उघडायचे नाही. सावकाराचा दर न्यायालय तपासणार, बँकेचा नाही. पण १९९४ च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक दार उघडे ठेवले: बँकेने रिझर्व बँकेच्या निर्देशाबाहेर जाऊन आकारणी केली असेल तर ह्या कलमाच्या आड लपता येणार नाही.

म्हणून तक्रारीत 'आकार फार आहे, परवडत नाही' असे रडगाणे गाऊ नका. 'अमुक तारखेला अमुक रक्कम कापली, ती अमुक निर्देशाविरुद्ध आहे' असे लिहा. आमच्या त्या शेतकऱ्याचे संदेश शुल्काचे ७० रुपये का अडकले ते आता कळेल. आकार बँकेने जाहीर केलेला होता आणि फोन बंद झाल्याचे त्याने कळवले नव्हते. तिथे आपली बाजू लंगडी होती. जिथे हरणार तिथेही उडी मारणे हा पराक्रम नव्हे.

बचत खात्यातील किमान शिल्लकीचा दंडही असाच तपासा. १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम असा की आधी कळवायचे, शिल्लक भरायला महिना द्यायचा, दंड तुटीच्या प्रमाणातच घ्यायचा आणि केवळ ह्या दंडामुळे खाते उणे होऊ द्यायचे नाही. कापसाचा चुकारा जमा झाला आणि मागच्या उणे बाकीत गडप झाला, असे ज्यांचे झाले आहे त्यांनी उतारा घेऊन यावे.

तीन पायऱ्या

पहिली पायरी शाखा. उताऱ्याची प्रत लेखी मागा. राष्ट्रीयीकृत बँक असेल आणि शाखा टाळत असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून स्वतःच्या खात्याची माहिती मागता येते. उतारा आला की प्रत्येक आकारापुढे खूण करा आणि अर्ज द्या. अर्ज असा लिहावा:

"माझ्या खाते क्रमांक अमुक मध्ये खालील तारखांना खालील रकमा नावे टाकल्या आहेत. त्या कोणत्या निर्देशानुसार व माझ्या कोणत्या लेखी संमतीने टाकल्या ते प्रतीसह कळवावे. तसे नसल्यास व्याजासह परत जमा करून सुधारित उतारा द्यावा. हा अर्ज म्हणजे बाकीची कबुली नव्हे."

शेवटचे वाक्य विसरू नका. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

दुसरी पायरी रिझर्व बँकेचा लोकपाल. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आले आणि पटले नाही, तर लगेच लोकपालाकडे जायचे. नोव्हेंबर २०२१ पासून सर्व तक्रारी एकाच ठिकाणी, चंदीगडच्या केंद्रात, टपालाने किंवा संगणकावरून घेतल्या जातात. शुल्क नाही, वकील नाही. जिल्हा मध्यवर्ती बँका बराच काळ ह्या कक्षेबाहेर होत्या. त्यांनाही आत घेण्याचे रिझर्व बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. गावची सोसायटी मात्र रिझर्व बँकेखाली येत नाही. तिची तक्रार सहायक निबंधकाकडे द्या, आणि तिथे दाद लागली नाही तर तिसरी पायरी आहेच.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी त्याला मंच म्हणत. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाल्यापासून तो आयोग आहे. लहान माणसाच्या लहान दाव्यासाठी आपल्याकडे ह्याहून सोपे न्यायालय नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क शून्य. बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईत असो की बंगलोरात, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येते. स्वतः उभे राहता येते. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बांधवांना उत्पन्न न पाहता मोफत मिळतो.

बँकेचा वकील म्हणेल, शेती हा धंदा आहे, हा ग्राहक नव्हे. उत्तर तयार ठेवा. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा कायद्यानेच व्यापारी हेतूतून वगळली आहे, आणि बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज महामंडळाच्या खटल्यात सांगितले आहे. सोसायटी म्हणेल, सहकार कायद्याखालीच या. त्यालाही उत्तर आहे: तामिळनाडूतील तिरुमुरुगन सहकारी कृषी पतसंस्थेच्या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभासदाला ग्राहक मंचाचे दार मोकळे असल्याचे सांगितले.

एक काटा मात्र आहे. पैसे कापल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात यावे लागते. दर महिन्याला आपले मागचे एकेक महिन्याचे हक्काचे पैसे मुदतबाह्य होत आहेत. वापसा गेल्यावर पेरायला निघालेल्या माणसाला काय मिळते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आपल्याच लोकांचे आक्षेप

बैठकीत तीन आक्षेप येतात.

पहिला: दोन हजारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे कोण घालणार? एकट्याने घालू नका. एका शाखेचे दहा खातेदार एकत्र आले तर एक माणूस दहा जणांचे कागद घेऊन जातो. आणि दोन हजार हे एका शेतकऱ्याचे. शाखेतल्या सगळ्या खात्यांचे मिळून किती, हे बँकेला बरोबर माहीत असते. आपल्यालाच माहीत नसते.

दुसरा: बँकेशी वाकडे घेतले तर पुढच्या हंगामाला दारात उभे करणार नाहीत. ही भीती खोटी नाही. म्हणूनच एकट्याने वाकडे घेऊ नका, दहाजण मिळून सरळ विचारा. एकाचे कर्ज अडवणे सोपे असते. दहा लेखी तक्रारींवर शिक्का मारल्यानंतर त्याच दहा जणांचे कर्ज अडवायला मॅनेजरला फार मोठे काळीज लागते.

तिसरा आक्षेप जुन्या कार्यकर्त्यांचा, आणि तो आम्हाला सर्वांत जास्त लागतो. ते म्हणतात, आपण संपूर्ण कर्जमुक्ती मागणारे लोक. भाव पाडून सरकारने लुटले म्हणून कर्ज झाले, ते कर्जच आम्ही मानत नाही. आता तपासणी शुल्क परत मागत फिरलो तर बाकीचे कर्ज मान्य केल्यासारखे होईल.

आम्ही कर्जमुक्तीची मागणी तसूभर सोडलेली नाही. पण इतिहास पाहा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकाराच्या घरातून काय मागितले? कर्जरोखे. तेच कागद जाळले. त्या उठावातून १८७९ चा कायदा आला आणि न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासणे भाग पडले. शेतकऱ्याला पावती आणि खातेउतारा मिळण्याचा हक्क मिळाला. त्या लोकांना कळले होते की सावकाराचे बळ तिजोरीत जेवढे असते तेवढेच वहीत असते. आज वही जाळता येत नाही, ती कुठल्यातरी यंत्रात आहे. पण ती उघडायला लावता येते. आणि कर्जमुक्ती जेव्हा होईल तेव्हाही ती ह्याच फुगवलेल्या आकड्यांवर झाली, तर पैसा शेतकऱ्याच्या नावाने निघेल आणि बँकेचे चुकीचे आकार त्यातून फिटतील. २००८ मध्ये काय झाले ते वर सांगितले आहे.

आता करायचे काय

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषण ऐकायच्या तयारीने येऊ नका. प्रत्येक गावाने किमान दहा खात्यांचे गेल्या दोन वर्षांचे उतारे आणावेत. मायबहिणींनी बचत गटाची खातीही आणावीत. गावात बारावी झालेली, आकडेमोड येणारी पोरे-पोरी आहेत. त्यांना बरोबर घ्या. बैठकीत शाखेप्रमाणे गट बसतील. प्रत्येक उताऱ्यावर तीन खुणा करायच्या: नियमाविरुद्ध कापलेले, संमतीशिवाय कापलेले, आणि समजत नाही असे. त्याच दिवशी अर्ज तयार होतील आणि येणाऱ्या सोमवारी सगळ्या शाखांमध्ये एकाच वेळी जातील. ज्यांना उत्तर मिळणार नाही त्यांच्या तक्रारी एकतिसाव्या दिवशी पुढे सरकतील. काय परत आले आणि काय आले नाही, दोन्ही ह्याच पत्रकात छापू. हरलो तेही छापू.

आणि गावात वसुलीची जीप आली तर शिवीगाळ करू नका, अंगावर जाऊ नका. खाट टाका, पाणी द्या. मग सगळ्यांनी मिळून एकच वाक्य बोला: साहेब, आधी हिशेब दाखवा, मग वसुलीचे बोलू.